१९८० आधी अमेरिकेत पैसे संपायचे, पण सरकार बंद पडत नसे. ते कसं?

रेघोटी :

अमेरिकी केंद्र सरकारच्या निधीत कधी कधी खंड पडला याची यादी पाहत होते आणि एक गणित जुळेना. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) वेळेत पैसे मंजूर न केल्यामुळे पाच वेळा खंड पडला : १२, ८, ८, १७ आणि ११ दिवस. बेरीज ५६. एवढ्या दिवसांत एकाही खात्याला कुलूप लागलं नाही. पुढे ऑक्टोबर १९९० मध्ये जेमतेम तीन दिवसांचा खंड पडला, तर थेट स्मिथसोनियनची संग्रहालयं बंद.

"दोन पक्षांचं पटत नाही म्हणून" हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. १९७७-७९ मध्ये अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडेच होती. जानेवारी २०१८ मध्ये तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे, आणि तरीही शटडाऊन. मग मधल्या काळात बदललं काय? आणि घरी कोणी बसायचं, कामावर कोणी यायचं, हे ठरतं कसं?

खर्डेघाशी :

कायदा होता तोच राहिला. बदलला तो त्याचा अर्थ, आणि तोही एका कायदेशीर अभिप्रायामुळे.

घटनेच्या पहिल्या कलमाचा नववा विभाग सांगतो की कायद्याने विनियोजन (कशावर किती खर्च करायचा याची मंजुरी) केल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढायचा नाही. एकोणिसाव्या शतकात खाती या तरतुदीला बिनदिक्कत वळसा घालत. वर्षाची रक्कम काही महिन्यांत उडवायची, कंत्राटदारांची देणी अंगावर घ्यायची आणि मग काँग्रेसपुढे हात पसरायचे. माल आलेला असे, काम झालेलं असे. नाही म्हणायची सोयच उरत नसे. ही खोड मोडायला १८७० मध्ये अँटिडेफिशियन्सी अॅक्टचं पहिलं रूप आलं. १८८४ मध्ये फुकटची सेवा घ्यायलाही बंदी झाली, कारण आज 'स्वेच्छेने' केलेल्या कामाचा मोबदला उद्या मागितला जाई. १९०५ आणि १९०६ च्या दुरुस्त्यांनी मंजूर रक्कम वर्षभर हप्त्यांनी वाटणं सक्तीचं केलं. आज या कायद्याचा जाणूनबुजून भंग केला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

रोख कोणावर होता ते पाहा : उधळ्या खात्यांवर. खुद्द काँग्रेसलाच उशीर झाला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी गंभीरपणे घेतलाच नव्हता. त्यामुळे वहिवाट अशी पडली की खंड पडला की प्रवास, नवी भरती, नवी खरेदी थांबवायची आणि बाकी कचेरी चालू ठेवायची. काँग्रेस उशिरा का होईना तात्पुरता ठराव करायची (कंटिन्यूइंग रिझोल्यूशन, पुढे सीआर म्हणतो) आणि तो मधले दिवस भरून काढायचा. तुमच्या ५६ दिवसांचं रहस्य एवढंच. शिवाय १९७७ चे तिन्ही खंड मुख्यतः श्रम आणि आरोग्य-शिक्षण खात्यांच्या विधेयकावरून होते. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या पैशातून गर्भपाताला परवानगी किती द्यायची, यावर एकाच पक्षाची दोन सभागृहं अडून बसली होती.

मग १९८०. काँग्रेसच्या लेखापाल कार्यालयाने आधी मत दिलं की खंडात कर्मचाऱ्यांना कामावर ठेवणं कायद्याच्या शब्दांत बसत नाही, पण सरकार बंद व्हावं असा काँग्रेसचा हेतूही दिसत नाही. हे अर्धवट उत्तर अध्यक्ष कार्टर यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांच्याकडे गेलं. २५ एप्रिल १९८० च्या अभिप्रायात त्यांनी शब्दच पकडले : निधी संपला की खातेप्रमुखाला एकच खर्च करता येईल, तो म्हणजे शिस्तीत गाशा गुंडाळण्याचा. आणि यापुढे उल्लंघन झालं तर न्याय खातं खटले भरेल. आठवडाभरात, १ मे १९८० रोजी, फेडरल ट्रेड कमिशन एका दिवसासाठी बंद झालं. १,६०० कर्मचारी, खर्च सुमारे ७ लाख डॉलर. पहिला शटडाऊन म्हणायचा तर तो हा.

जानेवारी १९८१ मध्ये, पद सोडण्याच्या काही दिवस आधी, सिव्हिलेटींनीच दुसरा अभिप्राय देऊन दोर थोडा सैल केला : मानवी जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लागणारं काम चालू राहू शकतं. ही फट फारच रुंदावू लागली तेव्हा १९९० मध्ये काँग्रेसने कायद्यात वाक्य घातलं की सरकारची नेहमीची कामं, जी थांबल्याने जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका होत नाही, ती यात मोडत नाहीत. आजचा शटडाऊन या तीन कागदांवर उभा आहे.

जाता जाता : १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने आर्थिक वर्षाची सुरुवात १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेली, १९७६ पासून. हेतू हा की काँग्रेसला तीन महिने जास्त मिळावेत. मिळाले. उशीर मात्र जिथल्या तिथे. सगळी विनियोजन विधेयकं मुदतीत मंजूर झाली ती शेवटची १९९७ च्या आर्थिक वर्षासाठी.

टाचण :

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण इथे बातम्या हमखास चुकतात.

आदेश निघतो व्हाइट हाऊसच्या ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेटकडून. यादी मात्र प्रत्येक खात्याने आधीच करून ठेवलेली असते. परिपत्रक ए-११, विभाग १२४ : एकूण कर्मचारी किती, कोणत्या कारणाखाली किती जण राहणार, गाशा गुंडाळायला किती वेळ लागणार. हा वेळ साधारण अर्ध्या दिवसाच्या आत असावा अशी अपेक्षा. म्हणून शटडाऊनच्या पहिल्या सकाळी लोक कचेरीत येताना दिसतात. ते संगणक बंद करायला, बैठका रद्द करायला आणि नोटीस घ्यायला आलेले असतात.

कर्मचारी तीन प्रकारचे. पहिले, ज्यांचा पगार वार्षिक विनियोजनातून येतच नाही; यांना शटडाऊन लागू नाही. टपाल खातं स्वतःच्या उत्पन्नावर चालतं. पेटंट कार्यालय फीच्या शिलकीवर चालतं, शिलक संपेपर्यंत. दुसरे 'एक्सेप्टेड', म्हणजे अपवाद केलेले : हवाई वाहतूक नियंत्रक, सीमारक्षक, तुरुंगाचे पहारेकरी. यांनी कामावर यायचं, पगार मात्र खंड मिटल्यावर. तिसरे 'फर्लो' झालेले, घरी. यांना कामाची ईमेल उघडायलाही मनाई, कारण १८८४ चा फुकट सेवेचा नियम. पूर्वी 'आवश्यक' आणि 'अनावश्यक' असे शब्द वापरत. लाखो माणसांना अधिकृतपणे अनावश्यक म्हणणं बरं दिसेना, म्हणून ते मागे पडले.

महत्त्वाचं काम चालू राहतं, हा समज सोडा. प्रश्न काम किती महत्त्वाचं याचा नसतो, पैसा कुठून येतो याचा असतो. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन कायमस्वरूपी कायद्याने मिळतं, म्हणून ते थांबत नाही, आणि ते पाठवायला लागणारी माणसंही कामावर राहतात. त्याच खात्याचं हरवलेलं कार्ड बदलून देण्याचं काम २०१३ मध्ये थांबलं होतं.

एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) वाल्यांना नेहमी चकवणारी साखळीही अशीच. इमिग्रेशनचं कार्यालय फीवर चालतं, तेव्हा ते उघडं. वकिलातीचं व्हिसाचं कामही बव्हंशी फीवर. पण नव्या अर्जासोबत श्रम खात्याने प्रमाणित केलेला एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज) लागतो, आणि श्रम खात्याचा तो विभाग वार्षिक विनियोजनावर चालतो. २०१३ आणि २०२५ मध्ये साखळीची हीच कडी तुटली. २०१८-१९ मध्ये मात्र एलसीए मिळत होते, कारण श्रम खात्याचं विधेयक आधीच मंजूर झालेलं होतं. विनियोजन विधेयकं बारा असतात आणि शटडाऊन फक्त न झालेल्यांपुरता असतो. "सरकार बंद आहे का?" असं विचारण्यापेक्षा "माझं खातं कोणत्या विधेयकात, आणि ते मंजूर झालंय का?" असं विचारायला हवं.

लष्कराची एक गंमत. १८६१ चा 'फीड अँड फॉरेज अॅक्ट' अजून जिवंत आहे. घोड्यांचा दाणागोटा, कपडे, शिधा, इंधन आणि औषधं यांसाठी निधी नसतानाही देणं पत्करता येतं. पण देणं पत्करता आलं तरी रोख रक्कम लगेच देता येत नाही, त्यामुळे शिपायाच्या पगाराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रेघोटी :

दोघांनाही धन्यवाद. आता पुढचं : २०१९ च्या कायद्याने फर्लो झालेल्यांनाही मागाहून पगार मिळतोच असं वाचलं. मग शेवटी दबाव कोणावर येतो? आणि बहुमत हातात असूनही अडतं कुठे?

सज्जातून :

अडतं सिनेटमध्ये. प्रतिनिधीगृहात साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. हा तीन पंचमांशाचा आकडा १९७५ पासूनचा, त्याआधी दोन तृतीयांश लागायचे. कर आणि काही अनिवार्य खर्चांसाठी रिकन्सिलिएशन नावाची साध्या बहुमताची वाट आहे, पण वार्षिक विनियोजनं एरवी त्या वाटेने जात नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये रिपब्लिकनांकडे ५१ जागा होत्या. डाकाच्या, म्हणजे लहानपणी देशात आणलेल्या स्थलांतरितांच्या प्रश्नावर डेमोक्रॅट अडले आणि सीआर पडला. २०२५ मध्ये ५३ जागा, मुद्दा ओबामाकेअर या आरोग्यविमा योजनेच्या वाढीव हप्ता-सवलतीचा, निकाल तोच.

पण साठचा नियम तर १९७५ पासून आहे आणि रेगन यांच्या आठ वर्षांत आठ खंड पडूनही एकही तीन दिवसांपुढे गेला नाही. कित्येक तर शनिवार-रविवारी पडून विरले. शटडाऊन हे अपघाताऐवजी हत्यार झालं ते १९९५ मध्ये. त्या वर्षी रिपब्लिकन सभापती गिंगरिच यांच्या प्रतिनिधीगृहाला सात वर्षांत ताळेबंद जुळवणारी योजना हवी होती, तीही काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने काढलेल्या आकड्यांवर. क्लिंटन यांना स्वतःच्या कार्यालयाचे आकडे. नोव्हेंबरमध्ये ५ दिवस, सुमारे ८ लाख लोक घरी. मग १६ डिसेंबर ते ६ जानेवारी, २१ दिवस. दुसऱ्या खेपेला घरी बसले २ लाख ८४ हजार, कारण मधल्या काळात काही विधेयकं मंजूर झाली होती. लांबी वाढली आणि रुंदी घटली, हे नीट लक्षात ठेवा. दिवस मोजून तीव्रता कळत नाही.

दबावाचं म्हणाल तर पगाराच्या तारखा पाहा. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो. पहिल्या खेपेला थोडे दिवस आधीच्या कामाचे पैसे येतात, त्यामुळे पहिला कोरा पगार यायला दोन-तीन आठवडे लागतात. २२ डिसेंबर २०१८ ला मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या ५७० कोटी डॉलरवरून सुरू झालेल्या शटडाऊनमध्ये पहिला चुकलेला पगार ११ जानेवारीचा, दुसरा २५ जानेवारीचा. २५ तारखेलाच सकाळी नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं थोपवली गेली, आणि दुपारी ट्रम्प यांनी भिंतीच्या पैशाशिवायच तीन आठवड्यांचा सीआर मान्य केला.

२०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, तोपर्यंतचा सर्वांत लांब. तो इतका ताणला गेला कारण दाब सोडायच्या झडपा शोधल्या गेल्या. १५ ऑक्टोबरचा सैनिकांचा पगार संरक्षण खात्याने संशोधनाच्या न वापरलेल्या निधीतून केला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा मात्र सुमारे ४ कोटी २० लाख लोकांच्या अन्न-मदतीचा हप्ता अडला आणि ४० मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कमी करायचे आदेश निघाले. सिनेटमध्ये ६०-४०, प्रतिनिधीगृहात २२२-२०९, आणि सरकार उघडलं. हप्ता-सवलत त्या विधेयकात नव्हती. १९९५, २०१३, २०१९, २०२५ : ज्याने अडवलं त्याला मागितलेली गोष्ट चारही वेळा मिळाली नाही. तरी पुढचा गडी मैदानात उतरतोच, कारण त्याच्या मतदारसंघात लढणं हेच बक्षीस असतं.

मागाहून पगाराबद्दल एक दुरुस्ती. २०१९ चा कायदा हक्क देतो, पण पैसे खंड मिटवणारं विनियोजन झाल्यावरच. २०२५ मध्ये याच शब्दांवरून हा हक्क आपोआप मिळत नाही असा सूर प्रशासनाने काढला होता. शेवटी नोव्हेंबरच्या विधेयकात तो स्पष्ट लिहिला गेला. कंत्राटदाराकडे काम करणारे सफाईवाले, उपाहारगृहातले लोक, सुरक्षारक्षक यांना या कायद्याचं संरक्षण नाही. त्यांचे बुडाले ते बुडाले.

चौकट :

२०११ मध्ये याच भांडणातून अमेरिकेचं पतमानांकन घसरलं ना? मग कर्मचाऱ्यांच्या पगारापेक्षा तो धोका मोठा नाही का?

टाचण :

ते वेगळं भांडण. २०११ चा तंटा कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने किती कर्ज काढायचं यावर कायद्याने घातलेल्या मर्यादेचा होता. शटडाऊनमध्ये नवा खर्च करायची परवानगी नसते. कर्जमर्यादा गाठली की आधीच मंजूर केलेल्या खर्चाचे पैसे उभे करता येत नाहीत, रोख्यांच्या व्याजासकट. पहिल्यात कचेरी बंद पडते, दुसऱ्यात सरकार दिवाळखोर ठरू शकतं. २ ऑगस्ट २०११ ला तडजोड होऊनही ५ ऑगस्टला एस अँड पी या पतमानांकन संस्थेने एएए वरून एए+ वर आणलं. २०१३ मध्ये दोन्ही मुदती एकाच महिन्यात आल्या, म्हणून घोळ होतो : १ ऑक्टोबरला शटडाऊन सुरू, १७ ऑक्टोबरला कर्जमर्यादेची घटिका. शटडाऊन मिटला त्याच तारखेला, आणि तो योगायोग नव्हता.

खर्डेघाशी :

संसदीय देशांत हे का होत नाही, याचं थोडक्यात उत्तर : तिथे पैसा नाकारणं म्हणजे सरकार पाडणं. भारतात लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर मंत्रिमंडळ गेलं, राज्यसभा धनविधेयक फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते, आणि मधल्या काळासाठी कलम ११६ चं लेखानुदान आहे. बेल्जियममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवं सरकार बनलं नाही, पण एकही कचेरी त्यापायी बंद झाली नाही; अर्थसंकल्प नसताना गेल्या वर्षाच्या रकमेचा बारावा हिस्सा दरमहा वापरायची तिथे पद्धत आहे.

अमेरिकेच्या सर्वांत जवळ पोचला तो ऑस्ट्रेलिया, कारण तिथल्या सिनेटला पैसा अडवता येतो. १६ ऑक्टोबर १९७५ ला तिने व्हिटलम सरकारची विनियोजनं रोखली. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलनी पंतप्रधानांनाच बडतर्फ केलं, त्याच दुपारी निधी मंजूर झाला आणि १३ डिसेंबरला निवडणूक. तिढा सुटला खरा, पण कसा सुटला यावर तिथे अजून वाद आहे. अमेरिकेत असा पंच नाही. अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं ठरलेल्या तारखेपर्यंत खुर्चीत, भांडण झालं तरी कोणाला मतदारांपुढे जावं लागत नाही.

उलट टोक प्रशियाचं. १८६२ ते १८६६ बिस्मार्क यांनी मंजूर अर्थसंकल्पाशिवाय कर वसूल केले, सैन्यावर खर्च केला, आणि ऑस्ट्रियावरच्या विजयानंतर विधिमंडळाकडून मागाहून मान्यता घेतली. पैसा आपोआप चालू ठेवायची सोय केली की अडवणूक थांबते, पण विधिमंडळाच्या हातातली चावीही ढिली होते.

अमेरिकेत 'आपोआप सीआर'ची विधेयकं दरवेळी मांडली जातात आणि दरवेळी मरतात, त्याचं कारण हेच. विनियोजन समित्यांची ताकद मुदतीत आहे. विस्कॉन्सिन राज्यात नवा अर्थसंकल्प होईपर्यंत जुनाच चालू राहतो, तिथे शटडाऊन होत नाही. शेजारच्या मिनेसोटात २०११ मध्ये २० दिवस झाला.

सज्जातून :

यादी वापरणार असाल तर दिवस मोजायची रीत पाहून घ्या. काँग्रेसची संशोधन सेवा फक्त निधीविना गेलेले पूर्ण दिवस धरते. म्हणून २०१८-१९ चा शटडाऊन तिथे ३४ दिवस आणि वर्तमानपत्रांत ३५; जानेवारी २०१८ चा तिथे २, बाहेर ३. ९ फेब्रुवारी २०१८ च्या पहाटे सिनेटर रँड पॉल यांनी मतदान लांबवल्याने काही तासांचा खंड पडला, तो एका यादीत आहे आणि दुसरीत नाही. तुमचा १९९० चा 'तीन दिवस' हा आकडाही पूर्ण दिवसांचाच. तेव्हा कोलंबस दिनाची जोडसुट्टी होती, म्हणून बहुतेक कर्मचाऱ्यांना कळलंही नाही. कळलं ते संग्रहालयांच्या दारात उभ्या असलेल्या पर्यटकांना.